दोन वार

१

दुपारचं जेवण उरकलं की तेजस्विनी आडगावला निघायची. नाशिक शहर संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे नव्या रो-हाऊसची एक रांग होती, तिच्यातलं शेवटचं घर. चपला दाराच्या आत काढायच्या, कारण बाहेर ठेवल्या की कुत्री पळवायची. कुसाबाई पाण्याचा तांब्या आणून द्यायच्या. खिडकीशी पलंग होता, त्यावर त्यांचे यजमान मल्हारी बाहेर बघत बसलेले असायचे. समोरच्या खुर्चीवर बसून तेजस्विनी पिशवीतून चित्रांची कार्डं काढायची. कप, दिवा, चिमणी, छत्री.

झटका येऊन ज्यांची वाचा जाते त्यांना ती परत बोलायला शिकवायची. बरीच वर्षं हेच काम करत होती आणि चिकाटीत तिचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. ज्यांनी आशा सोडली अशी माणसं तिनं बोलती केली होती. तोंडातून पहिला शब्द फुटताना माणसाचा चेहरा कसा होतो ते बघायची तिला चटकच लागली होती म्हणा ना.

मल्हारी सटाण्याच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगेत पार शेवटी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू जायचा. घरातही तोच आवाज, आणि त्याला धार. मग एका सकाळी लकवा झाला, उजवं अंग लुळं पडलं आणि डोक्यातले शब्द धुऊन निघावेत तसे गेले. बोलता येईना, दुसऱ्याचं बोललेलं उमजेना. मुलगा संतोष ओझरला विमानांच्या कारखान्यात होता. त्यानं दोघांना सटाण्याहून आपल्याकडे आणलं. त्याची बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपारी घरात म्हातारा-म्हातारी दोघंच.

पहिल्याच दिवशी संतोष तेजस्विनीला सोडायला फाटकापर्यंत आला होता. वडिलांनी जन्मभर त्याला "ए" म्हणून बोलावलं, नाहीतर शिवी देऊन, असं त्यानं हसत हसत सांगितलं, पण हसू काही खरं नव्हतं.

"बाकी काय नको मॅडम," तो म्हणाला. "एकदा नावानं हाक मारू दे त्यांना."

करू प्रयत्न, असं तेजस्विनी म्हणाली. मनात मात्र तिनं ते होणारच असं धरून टाकलं.

एकच गोष्ट तिला जरा खटकली होती. वाचा गेलेली माणसं रडतात, कार्डं भिरकावतात, लाजेनं तोंड फिरवतात. मल्हारींचं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवून ओट्यावर बसलेल्या माणसाची निवांतता होती. तिनं खुणेनं विचारलं, बाबा, तुमचा हात कुठंय? त्यांनी डाव्या हातानं तिचा हात उचलला आणि तिला दाखवला. नाक? तिच्या नाकाला बोट लावलं.

अशा चुका होतात. पण चुकणारा माणूस आधी घुटमळतो. मल्हारी घुटमळले नव्हते.

२

पुढे पुढे तिचं लक्ष कार्डांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त जाऊ लागलं.

एकदा कुसाबाईंनी चहा आणला. तो फारच कढत होता, तेजस्विनीची जीभ पोळली. तिनं आवाज केला नाही, परक्या घरी कशाला. मल्हारी तिच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी जीभ बाहेर काढली आणि पोळल्यासारखा जिभेला हातानं वारा घातला. काचेत तिला ते दिसलं. काचेत त्यांनाही मी दिसले असेन, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते पटण्यासारखंच होतं.

पण विळीचं पटेना. कुसाबाई आत स्वयंपाकघरात भोपळा चिरत होत्या. मधे भिंत, दार लोटलेलं. मल्हारी तेजस्विनीच्या समोर शांत बसलेले. एकाएकी त्यांनी डावा अंगठा तोंडात घातला आणि चोखू लागले. त्यानंतर, म्हणजे चांगला एक श्वास घेण्याइतका वेळ गेल्यानंतर, आतून कुसाबाईंचा "अगं माय" असा आवाज आला. तेजस्विनी धावली. कुसाबाईंच्या डाव्या अंगठ्याला विळी लागली होती.

विळीची कचकच थांबली ती त्यांनी ऐकली असणार. तेजस्विनी स्कूटरवरून घरी जाताना तेच घोकत राहिली. मग तिला आठवलं की विळीचा आवाज तर बाहेरच्या खोलीत येतच नाही. विचार तिथेच सोडून तिनं स्कूटरचा वेग वाढवला.

कुसाबाईंना यात नवल वाटत नव्हतं. अंगठ्याला हळद लावताना त्या म्हणाल्या होत्या, लकव्यापासून हे असंच आहे. त्यांचे गुडघे दुखले की मल्हारी आपले गुडघे चोळतात. त्या रडल्या की यांच्या डोळ्याला पाणी. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या तोंडाला भीत आल्या होत्या. आता दुपारच्या वेळी दोघं एका पलंगावर बसतात आणि कोणी काही बोलत नाही. आपण बसलोय की ते बसलेत तेच कळत नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"यास्ले आते काईच दुखत नई," कुसाबाई म्हणाल्या. त्यांची बोली बागलाणातली, तेजस्विनीला एवढ्या दिवसांत कळू लागली होती. "राहू दे ना माय. त्या आठेच शेतस."

यांना आता काहीच दुखत नाही, राहू दे. ते इथेच आहेत. तेजस्विनीनं हसून मान हलवली. घरच्या बायका अशा थकतात, हे तिनं अनेकदा पाहिलं होतं.

३

त्यानंतरच्या एका दुपारी लाईट गेली.

पंखा घरघरत थांबला. फ्रीजचा आवाज बंद पडला. मागच्या बागेतली पाण्याची मोटर थांबली, आणि इतका वेळ ती चालू होती हे तेव्हा कळलं. कुसाबाई आत आडव्या झालेल्या. तेजस्विनीच्या हातात कपाचं कार्ड होतं. ते वर धरून ती नेहमीसारखं "हे काय?" विचारणार होती.

कपाचं नाव तिला आठवेना.

यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही, हेच नंतर तिला सगळ्यात भयंकर वाटलं. हातात एक पांढरी गोलाई होती आणि तिला नावाची गरजच नव्हती. खिडकीच्या गजावर एक काळं काहीतरी येऊन बसलं, त्यानं मान वळवली. पलंगावर म्हातारा होता. पिवळी चादर होती. खुर्चीत एक बाई कार्ड धरून बसली होती. हे सगळं दिसत होतं, लख्ख, मायेनं, आणि त्या बाईच्या डोळ्यांतून दिसत नव्हतं. बघणं खोलीभर पसरलेलं होतं. कावळ्यापाशी जेवढं होतं तेवढंच चादरीपाशी, तेवढंच त्या बाईपाशी. खोलीत कुठेच कड नव्हती. मल्हारी हसत होते, आणि ते हसू कोणाच्या तोंडावर आहे ते सांगता आलं नसतं.

मग कुठूनसा एक विचार आला. बघतंय कोण?

त्यासरशी तिनं हातातलं कार्ड आवळलं. विहिरीच्या काठावर पाय घसरलेला माणूस हाताला येईल ते धरतो, तसा तिनं तो शब्द धरला.

"कप," ती मोठ्यानं म्हणाली.

सगळं जागच्या जागी आलं. कप, कावळा, चादर, आणि खुर्चीत घामानं भिजलेली तेजस्विनी. मल्हारी तिच्याकडे बघत होते. भरल्या ताटावरून कोणी उठून जावं आणि वाढणाऱ्यानं नुसतं बघत राहावं, तशी त्यांची नजर होती.

त्या दिवशीच तिनं थांबायला हवं होतं. संतोषला सांगता आलं असतं की आता सुधारणा होणार नाही. डॉक्टरांनीही ते मान्य केलं असतं. पण तिला भीती बसली होती, आणि भ्यालेला माणूस आपल्याला जे येतं तेच अधिक जोरानं करतो. त्या खोलीत शब्द आले की ते दुसरं काहीतरी मागे हटेल, असं तिला वाटलं. हे तिनं स्वतःपाशीही कबूल केलं नाही. ती म्हणाली, पेशंटच्या भल्यासाठी.

४

बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाणं येतं. पाठ झालेला श्लोक येतो, आकडे येतात. ते डोक्यात वेगळ्या जागी राहतात म्हणे. मल्हारींच्या डोक्यात असं काय राहिलं असेल, हे शोधायला तिला वेळ लागला नाही. तिनं संतोषला सुट्टी काढून घरी थांबायला सांगितलं.

संतोष वडिलांसमोर उभा राहिला. लहानपणी मार्केटात ऐकलेल्या सुरात त्यानं हात वर करून पुकारा केला, "एक वार..."

मल्हारी त्याच्याकडे बघत राहिले.

"एक वार..."

ओठ हलले. कपाळावर आठी पडली. एवढ्या महिन्यांत पडलेली ती पहिली आठी. कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी नको नको अशी मान हलवली, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. संतोषनं तिसऱ्यांदा पुकारलं आणि मल्हारींच्या छातीतून तो जुना, मार्केट दणाणून सोडणारा आवाज निघाला.

"दोन."

संतोषनं त्यांच्या पायाला मिठी मारली. तेजस्विनीच्याही डोळ्यांत पाणी आलं. पेढे आणले, शेजारीपाजारी वाटले. या गडबडीत ओझरहून चाचणीला निघालेलं विमान घरावरून गेलं, खिडक्या थरारल्या. ती विमानं रोज जायची आणि सगळे दचकायचे, एकटे मल्हारी सोडून. त्या दिवशी मल्हारी दचकले. त्यांनी डावा खांदा आखडला आणि छताकडे बघितलं, वर काहीतरी परकं आहे असं.

प्रतिसाद सुधारतोय, असं तेजस्विनीनं संतोषला सांगितलं.

संध्याकाळी कुसाबाईंनी हात भाजून घेतला, तव्यावर. मल्हारी जागचे हलले नाहीत. त्यांना कळलंच नाही.

५

एकदा धार लागली की शब्द येत जातात. पानी. चहा. खिडकी. मानूस. सगळे बागलाणी वळणाचे. शब्द आला की ती वस्तू त्यांच्यापासून थोडी लांब सरकते आहे असं तेजस्विनीला दिसायचं. पूर्वी ते भिंतीला पाठ टेकून बसायचे, भिंत आणि पाठ यांत काही फरक नसल्यासारखे. 'भिंत' म्हणायला शिकले आणि ते पुढे सरकून बसू लागले. कुसाबाई शेजारी टेकल्या की ते अंग चोरायचे. मग कुसाबाई पलंगावर बसायच्या बंदच झाल्या. काही तक्रार न करता त्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसायला लागल्या.

राहिला होता एक शब्द. तो आल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. चहा पाहिजे, पण कोणाला? तेजस्विनीनं मल्हारींचा डावा हात धरला आणि त्यांच्याच छातीवर दाबला.

"हा कोण, बाबा? हा?"

त्यांनी हात काढून घेतला. तिनं परत ठेवला. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती आणि तिला ती दिसली होती. एवढं खरं. दिसली नाही असं ती पुढे कधीच म्हणू शकली नाही. तरी तिनं हात दाबून धरला.

"म्हणा. मी."

बऱ्याच वेळानं, घशात अडकलेलं हाड काढावं तसा, त्यांनी तो शब्द काढला.

"मी."

खोलीत काही बदललं नाही. पंखा फिरत होता. बागेतली मोटर चालू होती. पण मल्हारींची नजर हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून सरकली, तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात थांबली. तिच्या हाताखाली त्यांचं काळीज पकडलेल्या चिमणीसारखं फडफडू लागलं.

"काय झालं, बाबा? कोण आहे तिथे?"

त्यांनी शब्द शोधले. तिनंच शिकवलेले शब्द एकेक करून काढले, कोपऱ्याकडे धरून पाहिले आणि टाकून दिले.

"पानी नई," ते म्हणाले. "भिंत नई. मानूस नई." पुढचा शब्द सापडेना. सापडणारही नव्हता. त्यांच्या ओठांच्या कडेनं लाळ गळू लागली. "ते माले देखी राहिनं."

ते माझ्याकडे बघतंय.

तेजस्विनीनं वळून पाहिलं. कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीवर घड्या घातलेले कपडे. खाली तिच्या चपला. वर कॅलेंडर. खुर्ची, कपडे, चपला, कॅलेंडर, भिंत, असं तिनं मनातल्या मनात सगळं म्हणून टाकलं. सगळ्याला नाव होतं. आणि सगळी नावं घेऊन झाल्यावरही तिथे काहीतरी उरलं होतं, आणि त्याची तिला ओळख होती. लाईट गेलेल्या दुपारी हेच बघणं खोलीभर पसरलं होतं आणि ती त्याच्या आत होती. तेव्हा त्यात माया होती. आता ते समोरून येत होतं.

तिनं पिशवी उचलली. चपला कोपऱ्यातच राहिल्या. ती अनवाणी स्कूटरवर बसली.

६

ती पुन्हा गेली, पण ते संतोषनं फोन केल्यावर. वडील आता गप्पच बसत नाहीत, असं तो सांगत होता, आणि सुरुवातीला त्याच्या आवाजात कौतुक होतं.

मल्हारी पलंगाच्या टोकाला, कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते. दिसेल त्याचं नाव घेत होते. खिडकी, पानी, चादर, हात, भिंत, खिडकी. कुंपणाला काटे लावावेत तसे शब्द रचत होते, एकाशेजारी एक, मधे फट राहू न देता. श्वास घ्यायला थांबावं लागे तेवढ्यात अंग थरथरायचं.

तेजस्विनीला बघून त्यांनी तिचा हात धरला. तळहात उघडला. आणि आपल्या तोंडातून काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवावं तशी बोटं केली.

"तुनं तू ले," ते म्हणाले. तुझं तू घे.

तिनं घ्यायचा प्रयत्न केला. खरोखर केला. कुसाबाईंना सांगून तिनं पंखा बंद केला, कार्डं दूर ठेवली, त्यांच्यासमोर बसली आणि काही बोलली नाही. त्या दुपारची ती जागा तिला परत सापडली असती तर तिथे त्यांना हाताला धरून नेता आलं असतं, असं तिला वाटत होतं. पण जागा म्हणावी अशी ती जागा नव्हतीच, आणि जाणारं कोणी असलं की ती सापडत नाही. ती डोळे मिटून बसली आणि डोक्यात शब्द वळवळत राहिले. आता शांत व्हायचं. आता काही म्हणायचं नाही. हेही शब्दच. समोर मल्हारी कण्हू लागले, कारण खोलीत कोणी बोलत नव्हतं आणि ते जवळ येत होतं. शेवटी तिनंच पंखा लावला आणि मोठ्यानं, भराभर, कसलंतरी बोलायला लागली. नाशकातल्या रस्त्यांबद्दल, कांद्याबद्दल. मल्हारी तिच्या तोंडाकडे बुडत्यानं दोराकडे बघावं तसे बघत राहिले.

त्या आठवड्यात संतोषचा परत फोन आला.

"नावानं हाक मारतात मॅडम," तो म्हणाला. पण कौतुक नव्हतं आता त्याच्या आवाजात. मागून मल्हारींचा आवाज येत होता, लिलावाचा, दणदणीत. संतोष. संतोष. संतोष. "कामावर जाऊ देत नाहीत. मला समोर उभं करतात. तिथे, दाराजवळ. मी मधे उभा राहिलो तेवढाच वेळ जरा गप्प असतात."

 थोडे दिवस असं होतं, असं तेजस्विनी म्हणाली.

७

मल्हारी गेले ते अशाच एका दुपारी. संतोषला डुलकी लागली होती. बाप ओरडत ओरडत गेला की गप्प झाला आणि मग गेला, ते त्याला सांगता आलं नाही. त्यानं पाहिलं तेव्हा वडिलांनी पलंगाचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दहावं गोदाकाठी, गंगेवर उरकलं. दोन-चार दिवसांनी तेजस्विनी आडगावला गेली. बाहेरच्या खोलीतला पलंग काढून टाकला होता. कुसाबाई तिथेच जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या. त्यांनी तेजस्विनीला जवळ बसवलं. आपण माणसाला बोलायला शिकवलं, तेही इतक्या वर्षांचा अनुभव पाठीशी असताना, आणि चुकलं कुठे ते आपल्याला माहीत होतं, अगदी नेमकं त्या क्षणी माहीत होतं, हे सगळं सांगायचं असं तेजस्विनी वाटेत ठरवून आली होती. पण कुसाबाईच आधी बोलल्या.

"एकला गया, माय," त्या म्हणाल्या. डोळे कोरडे होते. "तवय गया असता ते एकला नसता गया."

तेव्हा गेले असते तर एकटे गेले नसते.

कुसाबाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तेजस्विनीनं मावशी म्हणून तोंड उघडलं, आणि कुसाबाईंनी आपला खरबरीत तळवा तिच्या ओठांवर ठेवला. लेकराला उगी करताना ठेवतात तसा.

"बोलू नको आते," त्या म्हणाल्या. "बस मनाजवळ."

माझ्याजवळ बस.

त्यांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडत गेला, निवांत झाला, आणि नवऱ्याशेजारी पलंगावर बसायच्या तेव्हा दिसायच्या तशा त्या दिसू लागल्या. म्हातारीला ती वाट येत होती. तिला कोणी शिकवली नव्हती. तेजस्विनीनं डोळे मिटून त्यांच्यामागून जायचा प्रयत्न केला, पण ती तिथेच राहिली, सतरंजीवर, एकटी, तोंडावर तो मायेचा हात घेऊन. मागच्या बागेतली मोटर कोणीतरी बंद केली. खोलीत आता कसलाच आवाज नव्हता. तेजस्विनीची पाठ दाराजवळच्या त्या कोपऱ्याकडे होती, आणि तिला वळून बघायची गरज नव्हती.